एकसष्ट गटांचा एक हात

तुम्हाला माहीत होतं.

तळेकुडीच्या रानात पहिली खुंटी ठोकली, त्याच्या अकरा महिने आधी तुम्हाला माहीत होतं. कागद तुमच्या कृषी खात्याच्या कचेरीत पोचला, त्यावर आवक क्रमांक पडला, तुमच्यातल्या कुणीतरी तो वाचला आणि कोपऱ्यात 'योजना जाहीर झाल्यावर बघू' असं पेन्सिलीनं लिहून फायलीला लावला. पेन्सिलीनं, म्हणजे पुढंमागं खोडता यावं. आता तुम्ही वर्तमानपत्रातून सांगता की तळेकुडीची माणसं रानटी आहेत, त्यांना विज्ञान झेपलं नाही. माणसं रानटी झाली हे खरंच आहे. ती किती दिवसांत झाली आणि त्यातले कुठले दिवस तुमचे, तेवढं ऐकून घ्या.

तळेकुडी घाटमाथ्यावरचं गाव. चाळीस घरं, जमिनीचे एकसष्ट गट, सगळी भातशेती. तिथं रोप लावणीला पैसे देऊन मजूर कुणी लावत नाही. तिथं पैरा असतो. आज तेवीस बायका तुझ्या रानात, उद्या त्याच तेवीस माझ्या रानात. घेतलेला दिवस दिवसानंच फेडायचा. घरात मयत झाली तरी सुतक संपल्यावर तो फेडायचा. पैरा बुडवलेल्या घरातली पोरगीसुद्धा लवकर खपत नाही, इतकी त्याची लाज.

ह्या तेवीस जणींत रेश्मा होडगे रोप लावायची नाही. सत्तेचाळीस वर्षांची, अंगानं काटक, तोंडानं फटकळ. तिचं काम तरव्यात, म्हणजे रोपांच्या वाफ्यात. रोप उपटायचं, मुळं पाण्यात धुवायची, मूठ बांधायची. गावातल्या एकूण एक रोपाचं मूळ आधी रेश्माच्या हातातून जायचं आणि मग चिखलात. कारण तिला हातगुण होता. तिच्या हातची मूठ लावली की रोप पिवळं पडत नाही, फुटवा जास्त धरतं, खत कमी लागतं. शेजारच्या गावची माणसं हसायची. हसून झाल्यावर तळेकुडीच्या खळ्यावरची पोती बघून गप्प बसायची.

सुरेखा रेडेकर तिची मैत्रीण. दोघी एकाच साली लग्न होऊन गावात आल्या आणि पंचवीस वर्षं एका बांधावर भाकरी खाल्ली. सुरेखाचा नवरा विलास आणि रेश्माचा नवरा अमर, ह्यांचं फार मेतकूट नव्हतं, पण भांडणही नव्हतं.

मग तुमची योजना आली.

योजना वाईट नव्हती, हे कबूल करायला हवं. शेतीचं अनुदान कधी बांध न बघितलेले लोक घेत होते. पुण्यात फ्लॅटमध्ये बसलेला खातेदार बियाण्याची सवलत घ्यायचा आणि रानात राबणारा उन्हात वाळायचा. तुम्ही म्हणालात, यापुढं अनुदान कागदावरच्या नावाला नाही, कसणाऱ्या हाताला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तळेकुडीनंही वाजवल्या.

हात ओळखणार कसा? तर मातीला विचारून. माणसाच्या तळहातावर लाखो जिवाणू राहतात, आणि कुठले किती, ह्याचं मिश्रण दर माणसाचं वेगळं. हात चिखलात घातला की त्यातले काही तिथंच राहतात. अंगठ्याच्या ठशासारखाच तो ठसा, फक्त मातीत उमटलेला. प्रत्येक गटाच्या मधोमध तुम्ही एकेक खुंटी ठोकली. हातभर लांब, बोटाएवढी जाड. तिच्या पोटात डासाच्या सोंडेहून बारीक भोकांची जाळी. खुंटी चिखलातलं पाणी शोषून घेते, त्यातले जनुकांचे धागे त्या भोकांतून एकेक करून ओढते आणि वाचते. मग गावातल्या प्रत्येकानं वर्षातून एकदा ग्रामपंचायतीत येऊन यंत्राच्या काचेवर तळहात ठेवायचा. त्याला नाव दिलं हातलेप. मातीतला ठसा आणि काचेवरचा ठसा जुळवला की कोण किती राबलं हे कळलं. ज्याचा ठसा निम्म्याहून जास्त, तो त्या गटाचा कसणारा. बी, वीज, पाण्याची पाळी, सरकारी खरेदी, अनुदान, सगळं त्याच्या नावे.

हिशेब एका गृहीतावर उभा होता. हातावरचे जिवाणू मातीत मरतात. चाळीस दिवसांत निम्मे, ऐंशी दिवसांत पाव. जास्त उरले म्हणजे जास्त राबला.

पहिली यादी आली तेव्हा कृषी सहायक पाटणकरनं ती पंचायतीच्या ओट्यावर उभं राहून वाचली. गट क्रमांक एक, कसणारी रेश्मा अमर होडगे. गट क्रमांक दोन, रेश्मा अमर होडगे. तिसऱ्याला लोक हसायला लागले. पंधराव्यापर्यंत पाटणकरही हसत होता. विसाव्यानंतर तो नुसते गट क्रमांकच वाचायला लागला. एकसष्टच्या एकसष्ट.

सुरेखानं रेश्माच्या कमरेत चिमटा काढला. "मालकीणबाई, आता आमास्नी रोजगारावर ठेव. चहा तेवढा दोनदा दे."

बायका फिदीफिदी हसल्या. रेश्माही हसली. सगळ्यांना वाटलं, यंत्र बिघडलंय, आठवड्यात दुरुस्त होईल. तेवढ्यात विलासचा बाप, आण्णा रेडेकर, काठीवर हनुवटी टेकून बसला होता, तो बोलला.

"कूळ लागलं म्हणायचं."

हसणं थांबलं. तळेकुडीत त्या शब्दाला वजन आहे. निम्मं गाव एकेकाळी इनामदाराचं कूळ होतं. आण्णाच्या आज्याचं नाव कसणारा म्हणून कागदावर लागलं, तीन वर्षं लागून राहिलं, आणि चौथ्या वर्षी जमीन त्याची झाली. कशी जमीन मिळते ते गावाला पक्कं ठाऊक होतं, म्हणून कशी जाते तेही पक्कं ठाऊक होतं. पाटणकरला विचारलं, तीन हंगाम नाव राहिलं तर काय होतं? तो म्हणाला, मला वरून तसं काही कळवलेलं नाही. होय म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही. ते 'नाही' त्याला तुम्ही दिलं असतंत, लेखी एका ओळीचं, तर ही गोष्ट इथंच संपली असती.

रेश्मानं त्याच दिवशी पंचायतीत सांगितलं, माझं नाव काढा. यंत्रात तशी सोयच नव्हती. 'मी राबले नाही' असं लिहून द्यावं तर खुंटीची साक्ष उलट, म्हणजे खोटं प्रतिज्ञापत्र, म्हणजे गुन्हा. पैसे आले तसे तिनं घरोघरी वाटायला काढले, तर चौथ्या दिवशी अनुदान वळवल्याची नोटीस आली. निम्म्या गावानं पैसे घेतले होते, निम्म्यानं घेतले नव्हते. न घेतलेले म्हणाले, आज भीक घालते, उद्या हुसकून काढेल.

पंधरा दिवसांनी अमर सकाळी दूध घालायला डेअरीवर गेला. विलासनं रांगेतल्यांना सांगितलं, बाजूला व्हा, मालक आले. अमरनं त्याची गचांडी धरली. मग विलास, त्याचा धाकटा भाऊ महेश आणि आणखी दोघांनी त्याला खाली पाडून दुधाच्या कॅननं मारलं. दोन बरगड्या मोडल्या, पुढचे तीन दात गेले. दूध आणि रक्त फरशीवरून गटारात वाहिलं, आणि रांगेतली माणसं पाय उचलून बाजूला सरकली. रेश्मा रानातून तशीच धावत आली. हातात खोरं होतं. खोऱ्याची जाड बाजू विलासच्या खांद्यावर अशी उतरवली की हाड मोडल्याचा आवाज डेअरीतल्या सगळ्यांनी ऐकला. पोलिसांनी दोन्हीकडच्या तक्रारी घेतल्या, दोघांना समज दिली आणि गावचा चहा पिऊन गेले.

सुरेखा त्या दिवसापासून रेश्माशी बोलायची बंद झाली.

दुसऱ्या हंगामात पैरा मोडला. ज्याचं त्यानं लावलं, तेवीस बायकांचं काम चार-चार जणी ओढत होत्या. रेश्माला गावाच्या तरव्यात कुणी पाय ठेवू दिला नाही. तिच्या स्वतःच्या तरव्यात कुणीतरी तणनाशक ओतलं. सकाळी वाफा पिवळा आणि वास ओळखीचा. तिनं ते रोप उपटून विलासच्या दारात नेऊन टाकलं आणि अर्धं रान पडीक ठेवलं.

यादी आली. एकसष्टच्या एकसष्ट, रेश्मा अमर होडगे.

आता बोलणी वेगळी झाली. कुणी म्हणालं, ती पाटाच्या तोंडाशी हात धुते, तेच पाणी सगळ्यांच्या रानात जातं. कुणी म्हणालं, तिनं पाटणकरला फितवलाय. शेवटी पंचायतीसमोर बादली आणली गेली. ब्लीचिंग पावडर आणि कळीचा चुना. गावासमोर हात धू, ठसा जाळून टाक. अमर मध्ये पडला तर त्याला तिघांनी भिंतीला दाबून धरलं. रेश्मानं बाह्या वर केल्या. "कुणी धरायचं न्हाई," ती म्हणाली आणि दोन्ही हात कोपरापर्यंत बादलीत घातले. अर्धा तास तशी उभी राहिली. बाहेर काढले तेव्हा तळहाताचं कातडं बादलीतच राहिलं होतं. तिनं हात झटकले. समोरच्या दोघातिघांच्या शर्टावर रक्ताचे थेंब उडाले, आणि कुणी पुसले नाहीत.

महिन्याभरात नवं कातडं आलं. पुढच्या हातलेपाला काचेवर पुन्हा तिचंच नाव.

मग ती जिल्ह्याला कृषी महाविद्यालयात गेली. तिथं मातीच्या प्रयोगशाळेत डॉ. नाझनीन मुल्ला नावाच्या बाई होत्या. त्यांनी रेश्माच्या बोटाच्या पेरावरून कापसाचा बोळा फिरवला, आठवड्यानं परत बोलावलं आणि पडद्यावर भाताचं एक मूळ मोठं करून दाखवलं. मुळाभोवती हिरवट ठिपक्यांची दाट साय होती.

हे तुमच्या हातावरचे, मुल्लाबाई सांगत होत्या. लाखात एखाद्याच्या कातड्यावर ही जात असते. बाकीच्यांचे जिवाणू चिखलात मरतात. हे भाताच्या मुळाला चिकटतात आणि तिथं संसार थाटतात. मूळ त्यांना साखर देतं, ते मुळाला हवेतलं नत्र देतात. म्हणून तुमची रोपं पिवळी पडत नाहीत. म्हणून खत कमी लागतं. आणि म्हणूनच ते मरत नाहीत, वाढतात. तुमचा एक दिवस खुंटीला वर्षभराचा दिसतो. वर्षानं तो दहा वर्षांचा दिसेल.

रेश्मा पडद्याकडं बघत राहिली. "म्हंजे हातगुण खरा?"

"खरा. दुसऱ्या कुठल्याही काळात तुमचा सत्कार झाला असता."

मुल्लाबाईंनी कपाटातून एका पत्राची प्रत काढली. खुंट्या ठोकायच्या अकरा महिने आधीची. जगणाऱ्या जातींचा विचार हिशेबात घ्या, नाहीतर एक हात शंभर हातांना गिळेल, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. दुरुस्तीही सुचवली होती, त्या जाती मोजणीतून वगळायच्या, प्रोग्रॅममध्ये एक ओळ. खाली तुमचा शिक्का आणि तुमचा आवक क्रमांक. नंतर चार स्मरणपत्रं. चारहीवर शिक्के. उत्तर एकाचंही नाही, कारण उत्तर द्यायचं म्हणजे सव्वा कोटी खुंट्या चुकल्या असं कबूल करायचं, आणि उद्घाटनाचे फलक लागून गेले होते.

रेश्मानं पत्राची प्रत गावात आणून सगळ्यांना दाखवली. लोकांनी वाचली. आण्णा रेडेकर म्हणाला, हे सरकारला पटलं असतं तर सरकारनं ऐकलं असतं. तिसरी यादी कार्तिकात यायची होती. तीन हंगाम पुरे होत होते.

यादीच्या आधी ग्रामसभा झाली. लोकांनी पाटणकरला घेरलं आणि एकच विचारलं, तिचं नाव निघायचा काही रस्ता आहे की नाही? पाटणकर घामाघूम झाला होता. तो वाईट माणूस नव्हता, नियमाचं पुस्तक जवळ बाळगणारा भित्रा माणूस होता. त्यानं पुस्तक उघडलं, पानं उलटली आणि सापडलं ते मोठ्यानं वाचलं.

"कलम चौदा. नोंदलेला उजवा हात अपघाताने कायमचा निकामी झाल्यास त्या हाताची नोंद रद्द होईल व त्या नोंदीखालील सर्व गट मूळ खातेदारांकडे परत जातील."

वाचून झाल्यावर त्याला कळलं आपण काय वाचलं. त्यानं पुस्तक मिटलं. सभेत शंभरभर माणसं होती. एकाही माणसानं रेश्माच्या तोंडाकडं बघितलं नाही. सगळे तिच्या मांडीवरच्या उजव्या हाताकडं बघत होते.

चार दिवसांनी दुपारी सुरेखा दारात आली. दोन वर्षांत पहिल्यांदा. तिनं पाणी मागितलं, प्याली आणि म्हणाली की कुट्टीला वैरण पडलीय, विलासचा खांदा अजून धड चालत नाही. मग तांब्या खाली ठेवत बोलली, "पैरा मोडायच्या आदल्या सालचा तुझा एक दिस माझ्याकडं फिटायचा ऱ्हायलाय, रेश्मे."

ते खरं होतं. सुरेखाच्या घरचा एक दिवस रेश्माला फेडायचा होता. अमर म्हणाला, जाऊ नकोस. रेश्मा म्हणाली, जमीन ढापली म्हणतात ते म्हणू देत, पैरा बुडवला असं कुणी म्हणता कामा नये. बाहेरचा कुणी ह्याला मूर्खपणा म्हणेल. तळेकुडीत एवढी एकच गोष्ट उरली होती जिच्यावर शपथ घेता येत होती.

रेडेकरांच्या गोठ्यामागं पत्र्याची शेड, तिच्यात वैरण कापायचं विजेवरचं कडबाकुट्टी यंत्र. रेश्मानं पहिली पेंडी उचलली आणि तिच्या लक्षात आलं, पात्यावरचं झाकण काढून ठेवलंय. ती मागं वळली, तोवर महेशनं तिच्या कमरेला मिठी मारली होती. विलासनं धड हातानं तिचं मनगट धरलं. तिनं महेशच्या दंडाचा लचका तोडला, तोंडात मांस आलं ते त्याच्याच तोंडावर थुंकली. गुडघा विलासच्या जांघेत मारला. एका क्षणी ती सुटलीसुद्धा होती. तेवढ्यात तिचा डावा हात मागून कुणीतरी दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि ओळखीचा आवाज कानाशी आला.

"एकच, रेश्मे. एकच हात. मग समदं पयल्यासारखं हुतंय."

यंत्राचा आवाज पळभर जड झाला आणि पुन्हा हलका. समोरच्या तोंडातून बाहेर पडणारी हिरवी कुट्टी लाल पडायला लागली.

टॉवेल सुरेखानंच बांधला. जीप विलासनंच काढली. दवाखान्याच्या वाटेवर तो स्टेअरिंगवर डोकं आपटून रडत होता आणि गाडी थांबवतही नव्हता. महेशच्या दंडातून रक्त चालूच होतं, त्याचं भान कुणालाच नव्हतं. डॉक्टरला तिघांनी एकच सांगितलं, कुट्टीत गेला.

दुसऱ्या दिवशी जबाब घ्यायला हवालदार आला. रेश्मानं तिन्ही नावं सांगितली, कुणी काय धरलं होतं तेही सांगितलं. त्यानं पेन खाली ठेवलं. म्हणाला, बाई, कृषी खात्याची नोंद 'अपघात' अशी पडलीय, गट परत गेलेत. मी वेगळं लिहिलं तर ती नोंद रद्द होईल आणि गाव परत पेटेल. वरून सांगितलंय, शांतता महत्त्वाची. तो गेला आणि उशाशी फोन वाजला. डाव्या हातानं तिनं तो उचलला. तुमचा संदेश होता: 'आपला उजवा हात निकामी झाल्याची नोंद यशस्वीरीत्या पूर्ण झाली आहे. आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद.'

अमरनं संदेश वाचला. तो तसाच गावात गेला, पंचायतीसमोर विलासला गाठला आणि पहारीनं त्याचे दोन्ही गुडघे फोडले. मग पहार बाजूला ठेवून पोलीस यायची वाट बघत ओट्यावर बसला. तो अजून आत आहे. महेशच्या दंडात पू झाला, हात वाचला पण मुठीत जोर राहिला नाही. तळेकुडीत तिसरी यादी आली ती ज्याच्या त्याच्या नावाची आली. कुणीतरी फटाक्याची माळ लावली आणि अर्ध्यातच विझवली.

पुढच्या ज्येष्ठात वर्षाचा हातलेप होता. पंचायतीत बायकांची रांग. सुरेखा पहिली होती. तिनं काचेवर तळहात ठेवला. पडद्यावर नाव उमटलं: रेश्मा अमर होडगे.

पाटणकरनं काच पुसली. पुन्हा तेच. सुरेखाला बाजूला करून मंगल गुरवला बोलावलं. रेश्मा अमर होडगे. तिसरी. चौथी. बाविसावी. रेश्माचा हात तर दवाखान्याच्या भट्टीत जळून गेला होता, आणि तोच हात बावीस जणींच्या मनगटापुढं जिवंत होता.

ह्यात चमत्कार काही नाही. मुल्लाबाईंनी पाचव्या स्मरणपत्रात हेही लिहिलं होतं. तीन हंगाम त्या बायकांनी त्याच चिखलात मनगटा-कोपरापर्यंत हात घातले. भेगांतून, नखांखालून ती जात त्यांच्या कातड्यावर चढली आणि तिथंही तिनं संसार थाटला. हातगुण सगळ्यांना आला. तुमच्या यंत्राला मात्र त्याचा एकच अर्थ लावता येत होता. तीन दिवसांत नोटिसा आल्या. बावीस जणींना बनावट हात वापरल्याबद्दल. आणि रेश्माला, हात जिवंत असताना तो निकामी झाल्याचं खोटं दाखवून शासनाची फसवणूक केल्याबद्दल. कलम चौदाखालची नोंद रद्द. एकसष्ट गट परत रेश्माच्या नावे. सुनावणी तालुक्याला, सोमवारी.

आता गावातली माणसं आपापल्या घरात आपापल्या बायकांचे हात बघायला लागली. जेवण वाढताना, दिवा लावताना, लेकराला थोपटताना. शनिवारी सकाळी मंगल गुरवच्या सासूनं चुलीवरचं कडकडीत तेल तिच्या उजव्या हातावर ओतलं आणि ओतून झाल्यावर विचारलं, आता निकामी झाला का गं?

रविवारी सुरेखा रेश्माच्या उंबऱ्याबाहेर येऊन उभी राहिली. पदरात उजवा हात गुंडाळलेला. तो धड होता, तिनं तो लपवला होता. तिनं सांगितलं की विलास अंथरुणावर पडल्या पडल्या महेशला म्हणत होता, कुट्टीला तेल घाल. आत यायचं धाडस तिला झालं नाही.

रेश्मा उठली, बाहेर आली आणि डाव्या हातानं तिच्या थोबाडीत मारली. मग दुसरी. तिसऱ्या थपडेला सुरेखा खाली बसली आणि तिनं तोंड चुकवलंही नाही.

"एकच म्हणली हुतीस," रेश्मा म्हणाली. "आता बावीस हाईत."

सुरेखानं पदरातला हात आणखी आत ओढला.

"म्या तुला माफ केलेलं न्हाई. मरस्तोवर करणार न्हाई. ऊठ. समद्यास्नी सांग, उद्या एष्टीनं तालुक्याला यायचं. एकीनंबी घरात थांबायचं न्हाई."

सोमवारी अकराला त्या कचेरीत पोचल्या. सुनावणी अधिकारी तरुण होता, कपडे कडक इस्त्रीचे. पाटणकर एका कोपऱ्यात उभा होता. अधिकाऱ्यानं फाइल चाळली आणि म्हणाला, नियमाप्रमाणे मूळ नोंदधारकानं नोंदलेला उजवा हात सादर करावा. रेश्मानं थोटं मनगट त्याच्या फाइलवर ठेवलं. त्यानं फाइल त्याच्याखालून ओढून घेतली. म्हणाला, बाई, भावनेचा प्रश्न नाही. यंत्राप्रमाणे तुमचा हात ह्या खोलीत हजर आहे. त्यातला खरा एक आहे आणि बाकीचे बनावट. तो एक ठरला की बाकीच्यांवर कारवाई होईल, आणि तो कायद्यानं निकामी असेल तरच गट परत जातील. त्यानं हे अगदी सौम्य आवाजात सांगितलं, जसं पोराला गणित समजवावं तसं.

रेश्मानं मागं वळून मान हलवली. बायका पुढं आल्या. एकेकीनं उजवा हात टेबलावर ठेवला. जागा पुरेना तेव्हा हातावर हात. भेगाळलेले, नखं झिजलेली, एकात काचेच्या बांगड्या, एकात दोराच. मंगलचा फडक्यात गुंडाळलेला, फडक्यातून पिवळं पाणी पाझरत होतं, ते सरकारी कागदावर उतरलं. सगळ्यात शेवटी सुरेखानं ठेवला. रेश्मानं त्याच्याकडं बघितलं आणि तो टेबलावर नीट मध्ये सरकवला.

अधिकारी खुर्ची मागं ढकलून उभा राहिला. शिपायाला हाक मारायला त्यानं तोंड उघडलं, पण रेश्मा आधी बोलली. तिचा आवाज चढला नव्हता.

"सायेब, हे बावीस हाईत. समदे माजेच, तुमीच लिवलंय. तिकडं गावात बाप्ये कुट्टीला तेल घालून बसल्यात, त्यास्नी फकस्त नाव पायजे. तवा ते कलम चौदा आमच्या गावात वाचलं तसं हितं मोठ्यानं वाचा. आन मग ह्यातला कुठला तोडायचा, त्येच्यावर तुमच्या हातानं बोट ठिवा. तुमी. पाटणकर न्हाई, माझा नवरा न्हाई, हिचा नवरा न्हाई. तुमी. कुठला तोडायचा, बोला."